सोलापुरात स्वेटर कशाला?

आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या निम्म्याजणी हसणार, हे मी धरूनच चालले आहे. विषय आहे लोकरीचं विणकाम, आणि तेही आपल्या सोलापुरात! मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, डांबर पायाला चिकटतं, गच्चीवर सांडगे दोन दिवसांत खडखडीत होतात. अशा गावात लोकर नि सुया घेऊन बसणाऱ्या बाईला लोक काय म्हणणार? आमच्या गल्लीत मला गेली तीस वर्षं एकच प्रश्न येतो. "काय ओ वहिनी, ह्या उन्हात लोकर कशी धरवते तुम्हाला? आणि इथं स्वेटर घालतंय कोण?"

घालतात हो, घालतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला संक्रांतीच्या सुमारास पहाटे नंदीध्वजांची मिरवणूक बघायला कोण कोण जातं, आणि काय काय पांघरून जातं, ते आठवून बघा. कार्तिक लागला की पहाटे चारला पाणी भरायला उठणाऱ्या बाईला विचारा. थंडी आपल्याकडे दोन-अडीच महिनेच असते, पण असते. शिवाय आपल्या घरातली मुलं आता गावातच थोडी राहतात? कोणी पुण्याला, कोणी दिल्लीला, कोणी त्याहून लांब. आईनं विणलेला स्वेटर पार्सलनं जातो आणि तिथं घातला जातो. पण खरं सांगू का, मी स्वेटर लागतो म्हणून विणत नाही. मला विणायला आवडतं म्हणून विणते. हे एवढं सरळ वाक्य बोलायला आपल्या गावात बाईला बरीच वर्षं लागतात, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपलं गाव सुताचं. १८७७ साली इथं कापडाची गिरणी सुरू झाली, तिलाच पुढं लोक जुनी मिल म्हणू लागले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, घराघरांत माग लागले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही आज भौगोलिक मानांकन आहे. लोकरही आपल्याला परकी नाही. सांगोला-पंढरपूर भागात धनगरांच्या काळ्या मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं विणलं जातं, त्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. वारकरी, मेंढपाळ, शेतकरी, सगळ्यांच्या खांद्यावर ते असतं. मग दोन सुयांचं विणकाम यापेक्षा वेगळं कसं?

मागावर दोन सुतं लागतात, ताणा आणि बाणा. उभे धागे ताणून बांधायचे आणि त्यांतून धोटा आडवा फिरवायचा. त्यासाठी माग लागतो, जागा लागते, कांड्या भरून द्यायला आणखी एक माणूस लागतं. सुयांच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासातून ओढून घ्यायचा आणि फासातून फास काढत जायचं. म्हणून मागावरचं कापड ताठ राहतं आणि विणलेला स्वेटर ताणला जातो, अंगाबरोबर वाढतो. टाका सुटला तर खालपर्यंत शिडी पडते, हे खरं. पण क्रोशाची सुई घालून तो पुन्हा वर चढवता येतो. आणि सगळंच नको वाटलं तर धागा ओढायचा, लडी करायची, कोमट पाण्यातून काढून वाळवायची, की लोकर पुन्हा नवी. लहान झालेल्या स्वेटरचा धाकट्याला मफलर होतो. कापड कापलं की परत जोडता येत नाही, विणकाम मात्र उसवून पुन्हा सुरू करता येतं.

हे आपल्याकडे आलं ते इंग्रजांच्या काळात, मिशनच्या शाळांतून आणि मडमांकडून. पुढे मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाचा तास असायचा. १९६२ साली चीनशी लढाई झाली तेव्हा सीमेवरच्या जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर विणले. माझ्या सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. मोठ्या बायका अंग विणायच्या आणि मुलींना मफलर द्यायच्या, कारण मफलरला टाके वाढवायचे-घटवायचे नसतात. सासूबाई हे सांगताना दर वेळी म्हणायच्या, "आपला मफलर कुणाच्या गळ्यात पडला असंल, कळलंच नाही बघ."

आता रोजच्या दिवसात हे बसवायचं कुठं? विणकाम करणारी बाई वेळ काढत नाही, ती फटीत बसते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याच्या दिवशी मी नळासमोर स्टूल टाकून बसते. एक पिंप भरेपर्यंत चार ओळी होतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन ओळी. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचं असेल तर बाळाचा एक मोजा सहज होतो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, बँकेत, नातीच्या क्लासच्या बाहेर. असं विणायला काम सोपं निवडायचं. नक्षीचं काम घरी, दुपारच्या उजेडात. पिशवीतलं काम नुसतं सुलट-उलट, म्हणजे मध्येच उठावं लागलं तरी काही मोजायचं राहत नाही. ओळ अर्धी सोडून उठू नये मात्र. सुईवरचे टाके मध्ये ताणले जातात, आणि परत बसल्यावर कुठल्या बाजूनं चाललो होतो ते कळत नाही.

पिशवी बघून लोक बोलतात, हा आणखी एक फायदा. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदतात. विणकामाला यातली एकही लागत नाही. माझ्या शेजारच्या अक्कांनी मला केबल घालायला शिकवली, म्हणजे वेणीसारखी पीळ पडणारी नक्षी. त्यांना मराठी तुटकं, मला तेलुगू तेवढंही नाही. त्यांनी तीन टाके तिसऱ्या सुईवर घेतले, पुढे धरले, मागचे तीन आधी विणले आणि मग धरलेले. दोनदा करून दाखवलं. मला कळलं.

ऋतूचंही एक गणित आहे. चैत्र ते ज्येष्ठ लोकर हातात धरू नये. तळव्याला घाम येतो, धागा सुईवर अडकतो, पांढरी लोकर मळते. या तीन महिन्यांत मी सुताचं काम करते. आपल्या गावात मागावरचं उरलेलं सुती सूत मिळतं. ते बारीक असतं. दोन पदरी वीस नंबरचं सूत असेल तर त्याचे सात-आठ पदर एकत्र घ्यावे लागतात, तेव्हा ते स्वेटरच्या लोकरीइतकं जाड होतं. त्याची भांडी पुसायची फडकी, बाजाराच्या जाळीच्या पिशव्या, बाळाची उन्हाळी झबली उत्तम होतात. फक्त रंगीत सूत आधी पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला तर बाळाच्या कपड्याला ते वापरायचं नाही.

आषाढात पालख्या पंढरपूरला पोचल्या की हवा बदलते. तेव्हा लोकरीचे टाके घालायचे. नवरात्रापर्यंत पाठ आणि पोट, दिवाळीपर्यंत बाह्या, मार्गशीर्षात गळपट्टी आणि शिवण. म्हणजे गड्ड्याला स्वेटर अंगावर.

लोकर घेताना लेबल वाचा. दुकानात आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण त्यातली बरीचशी अॅक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही. स्वस्त असते, धुवायला सोपी, कसर लागत नाही. पण लोकरीचे पैसे देऊन अॅक्रिलिक आणू नये. शंका आली तर घरी आल्यावर बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वासते आणि तिची राख बोटानं चुरते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. म्हणूनच अॅक्रिलिक घालून गॅसजवळ उभं राहू नये. सुयांचा नंबर आपल्याकडे उलटा चालतो, हेही नव्या मुलींना माहीत नसतं. नंबर मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबर सव्वातीन मिलिमीटरची, आठ नंबर चार मिलिमीटरची. आणि लोकर एकदम पुरेशी घ्या, सगळ्या गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघून. नंतर तोच रंग आणला तरी फरक दिसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझं विणकाम बघून पहिला प्रश्न उन्हाचा येतो, दुसरा पैशांचा. "एवढं सुंदर करताय, विकत का नाही? ऑर्डरी घ्या की! बचत गटात घालू." सांगणाऱ्या बायका माझ्या भल्याचंच सांगतात. आपल्या गावात बाईच्या हाताला मोल आहे ते नगावर. विड्या वळायच्या तर हजारावर मजुरी. टॉवेलच्या कडा शिवायच्या तर डझनावर. रिकामा हात आपल्याकडे दिसू द्यायचा नसतो, आणि पैसे न मिळवणारा हात रिकामाच धरला जातो. त्यामुळे मी एकदा बचत गटाच्या बैठकीत वही काढली आणि सगळ्यांसमोर हिशोब मांडला. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

मोठ्या माणसाचा एक साधा स्वेटर. पाठीला शंभर टाके आणि एकशे ऐंशी ओळी धरा. झाले अठरा हजार टाके. पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्यांचे मिळून आणखी अठरा हजार. एकूण चोपन्न हजार टाके. हात बसलेली बाई मिनिटाला वीस टाके विणते. म्हणजे सत्तावीसशे मिनिटं, म्हणजे पंचेचाळीस तास. शिवण, गळपट्टी, धुणं वेगळंच. आता समजा गिऱ्हाईक आठशे रुपये द्यायला तयार झालं, आणि त्यातले साडेतीनशे लोकरीचे गेले. उरले साडेचारशे. पंचेचाळीस तासांना साडेचारशे. तासाला दहा रुपये.

बैठकीत कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातली एक विडी कामगार बाई म्हणाली, "मग ह्यापेक्षा आमचं सूप बरं की!" सगळ्या हसल्या, पण ती खरं बोलली. लुधियानाच्या कारखान्यात यंत्र तासाभरात स्वेटर विणून टाकतं. त्या भावाशी आपण हातानं झुंजायला गेलो तर विणकामाचा आनंद जातो, मानेला पट्टा येतो आणि हातात दहा रुपये येतात.

ज्यांना यातून कमवायचंच आहे त्यांना मी नाही म्हणत नाही. पण मग लहान वस्तू निवडा. बाळाचा टोपी-मोज्यांचा संच, फुलं, तोरणं, बाहुल्या, म्हणजे दोन-चार दिवसांत संपणारं काम. लोकरीचे पैसे आधी घ्या. आपले तास वहीत लिहा आणि ते धरून भाव सांगा. "घरचंच आहे, द्या काहीतरी" या वाक्यावर काम घेऊ नका. आणि शिकवण्याचे पैसे घ्यायला लाजू नका. स्वेटरपेक्षा शिकवणी परवडते.

मी मात्र विकत नाही. दिवसभर बाईचं सगळंच मोजलं जातं. पोळ्या किती, गॅस किती दिवस गेला, दुधाचं बिल किती, पगार किती, उरले किती. माझ्या विणकामात टाके मी मोजते, बाकी कोणी काही मोजत नाही. दिवसातून तासभर असं काम हातात असणं, हा चैनीचा भाग आहे असं मला वाटत नाही. ते नसेल तर बाई चिडचिडी होते, आजारी पडते, आणि त्याचा खर्च घरालाच येतो. नवरा पत्त्यांच्या अड्ड्यावर किंवा क्रिकेटपुढे बसला तर त्याला कोणी विचारत नाही, की यातून मिळतं काय.

सासूबाई हे मला कधी शब्दांत बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते जपलं. सतरा माणसांच्या घरात दुपारी तीन ते चार त्यांच्या हातात सुया असायच्या, आणि त्या वेळेला त्यांना कोणी हाक मारायची नाही, हा नियम होता. शेवटच्या वर्षी त्या माझ्या मुलाचा, म्हणजे त्यांच्या नातवाचा, स्वेटर विणत होत्या. राखाडी रंग, पुढे एकच केबल. पाठ झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. डावीचे टाके घातले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्यानंतर महिन्याभरानं कपाट आवरायला घेतलं तेव्हा घरातल्यांचं म्हणणं पडलं, की जुन्या कपड्यांबरोबर ही पिशवीही देऊन टाकू. मी ती बाजूला काढून ठेवली.

दुसऱ्याच्या हाताचं काम पुढे नेणं सोपं नसतं. अक्षरासारखा हातही प्रत्येकीचा वेगळा. त्यांचा हात घट्ट, माझा सैल. त्यांच्या दहा नंबरच्या सुयांवर मी विणलं असतं तर डावी बाही उजवीपेक्षा रुंद झाली असती. मी चौकोनी तुकडे विणून त्यांच्या कामावर ठेवून बघितले. अकरा नंबरवर माझे टाके त्यांच्या टाक्यांना मिळाले. तीन महिने लागले. विणताना त्यांनी बाहीला टाके कुठं वाढवलेत ते उजवीवरून मोजत होते. दर सहा ओळींनी एक, आणि कोपराच्या वर दर आठ ओळींनी. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कागदावरही नव्हतं, पण बाहीत लिहिलेलं होतं. मुलगा आता तो स्वेटर घालतो. जवळून बघितलं तर बाह्यांतला फरक मला कळतो, त्याला कळत नाही. अशा स्वेटरची किंमत तासावर कशी लावणार?

मग एवढं विणून करायचं काय, असा तिसरा प्रश्न उरतो. घरातल्या सगळ्यांचे स्वेटर झाले, पुढे काय? त्याला एक चांगलं उत्तर आहे. दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ स्वतःची ऊब राखू शकत नाही. त्याच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं आणि तिथून उष्णता जाते. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी अशा बाळांना आईच्या उघड्या छातीवर धरून ठेवायला सुरुवात केली. त्याला कांगारू पद्धत म्हणतात, आणि आता ती आपल्याकडच्या दवाखान्यांतही करतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर असतं ते लंगोट, मोजे आणि टोपी. ती टोपी आपण विणू शकतो. आम्ही पाच-सहाजणी ऑगस्टपासून टोप्या विणतो आणि थंडीच्या आधी देतो. पण आधी दवाखान्यात जाऊन सिस्टरना विचारायचं, हवं आहे का, कुठल्या मापाचं हवं आहे. न विचारता नेलेली मदत कपाटात पडून राहते.

कृती सांगते, वही घ्या. मऊ, चार पदरी, धुता येणारी लोकर, दहा नंबरच्या दोन सुया. बहात्तर टाके घाला. एक सुलट एक उलट असं तीन सेंटिमीटर विणा. मग सुलटी ओळ सुलट, उलटी ओळ उलट, असं सुरुवातीपासून नऊ सेंटिमीटर होईपर्यंत. आता घट. सुलट ओळीत सहा टाके सुलट, पुढचे दोन एकत्र, असं ओळभर. त्रेसष्ट टाके राहतील. परतीची ओळ साधी उलट. पुढच्या सुलट ओळीत पाच सुलट, दोन एकत्र. मग चार, मग तीन, असं एकेक कमी करत जा आणि प्रत्येक वेळी परतीची ओळ उलट. शेवटी नुसते दोन-दोन एकत्र केले की सुईवर नऊ टाके उरतील. धागा हातभर ठेवून कापा, नऊ टाक्यांतून ओवून ओढा, आणि त्याच धाग्यानं कडा सपाट शिवा. शिवण जाड होऊ देऊ नका, बाळ त्याच्यावर निजतं. वर गोंडा नको, बटण नको, रिबन नको, केसाळ लोकर नको. हे सगळं बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतं. विणून झाली की धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून द्या.

आणि एक महत्त्वाचं. ही टोपी उन्हाळ्यात चांगल्या वजनाच्या बाळाला घरात घालून ठेवू नका. आपल्या गावच्या गरमीत बाळाला ऊब जास्त झाली तर तेही वाईट. चैत्र-वैशाखात द्यायचीच असेल तर सुती सुताची द्या, आणि कधी घालायची, कधी काढायची ते सिस्टरना, आशाताईंना विचारा.

ज्यांनी कधी सुया धरल्या नाहीत त्यांनी टोपीपासून सुरुवात करू नये. वीस टाके घाला आणि नुसतं सुलट विणत राहा. दोन वीत झालं की हात बसतो. पहिल्या तुकड्याच्या कडा वेड्यावाकड्या येतात, सगळ्यांच्याच येतात. त्याचं भांड्याखाली घालायचं आसन होतं. अर्ध्या तासानं सुया खाली ठेवा, मनगटं फिरवा, मान मागे घ्या, लांबचं बघा. साठी ओलांडलेल्यांनी काळी लोकर रात्री घेऊ नये, टाके दिसत नाहीत. सुया बसायच्या जागी ठेवू नका, घरात नातवंडं असतील तर मुळीच नाही.

आणि घरच्यांना एकदा सांगून टाका, तीन ते चार मला हाक मारू नका. पहिले आठ दिवस हाका येतील. नवव्या दिवसापासून चहा कोणीतरी स्वतः करून घेईल.

टोप्यांसाठी ज्यांना आमच्यात यायचं आहे त्यांनी आपल्या केंद्रावर नाव सांगून ठेवा. सुया आमच्याकडे जास्तीच्या आहेत, लोकर तेवढी आपली आणा.